शाळेतील संगणकाची चावी कोणाच्या हाती?

घर आपले, जागा आपली, कुलूपही आपल्याच पैशांनी आणलेले. पण चावी मात्र दूरदेशीच्या सावकाराच्या कमरेला! असा व्यवहार वाळपईच्या बाजारात कोणी केला, तर लोक त्याला वेड्यात काढतील. परंतु सरकारी पैशांतून शाळांसाठी संगणक घेताना नेमका हाच व्यवहार वर्षानुवर्षे होत आला आहे आणि त्याला आम्ही प्रगती हे गोंडस नाव दिले आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज 10' या प्रणालीची नित्याची मोफत दुरुस्ती थांबविली. तिच्या जागी आलेली 'विंडोज 11' ही 2017 पूर्वीच्या बहुतेक संगणकांवर चालविण्यास कंपनीची मान्यता नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत; तरीही ते बाद! शाळेने काय मोडीत काढावे हे मुख्याध्यापक ठरवीत नाहीत, शिक्षण खाते ठरवीत नाही, ज्याच्या करातून ते यंत्र आले तो शेतकरी तर नाहीच नाही. ते ठरते सातासमुद्रापार. विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणे म्हणतात ते हेच.

याला पर्याय नाही काय? आहे, आणि तो आजचा नाही. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली आणि 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा जगापुढे ठेवला. या मुक्त आज्ञावलींचे मर्म इतकेच की त्यांची मूळ संहिता उघडी असते. ती कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, तिच्या प्रती काढून शेजारच्या शाळेला द्याव्यात. दर यंत्रामागे परवान्याचे मोल नाही आणि जुने यंत्र वापरल्याबद्दल दंडही नाही. सार्वजनिक विहिरीचे पाणी जसे सर्वांचे, तसे हे ज्ञान सर्वांचे.

कोणी म्हणेल, हे पुस्तकी बोल झाले. तर त्यांनी केरळकडे पाहावे. त्या राज्याने 2001 च्या सुमारास शाळांतून संगणक शिक्षण सुरू केले, तेव्हा तेथेही विंडोजचाच पाठ होता. शिक्षकांच्या संघटनेने आणि मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे राज्याने सरकारी व अनुदानित शाळांतून मुक्त प्रणालीच स्वीकारली, शिक्षकांना ती शिकविली, पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतली. या मार्गाने सुमारे 3000 कोटी रुपये वाचल्याचा हिशेब तेथील 'काइट' या सरकारी संस्थेने 2019 मध्ये मांडला. हा आकडा त्यांचाच असल्याने त्यात थोडी कपात करून घ्यावयाची तर खुशाल घ्या. उरते तेही थोडके नाही.

आणि केरळपर्यंत तरी का जावे? 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशांतील वापरलेले संगणक मिळवून गोव्यातील शाळांना देण्याचा उपक्रम आमच्याच गोमंतकात झाला होता. त्या यंत्रांवर परवान्याचा खर्च टाळण्यासाठी लिनक्सच बसविली गेली. वाट अनोळखी नाही. ती सरकारी धोरणाच्या हमरस्त्याला मिळाली नाही, एवढेच.

पैशांहूनही मोठा प्रश्न भाषेचा आहे. आमच्या कचेरीतील जुने लेख एका विकतच्या टंकात जुळविलेले होते. तो टंक बाजारातून गेला, आणि आज ते लेख उघडले असता मराठीऐवजी निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. आमचेच शब्द आम्हांस वाचता येत नाहीत! हीच गत शाळेच्या प्रश्नपत्रिकांची आणि दाखल्यांची होऊ नये. 'लिब्रेऑफिस'सारखी मुक्त आज्ञावली आज मराठीत उपलब्ध आहे. केंद्राच्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली भारतीय भाषांसाठीच घडविलेली आहे. सत्तरीच्या मराठी शाळेतील मुलाने संगणकाशी आपल्या भाषेत बोलावे, ही सोय कोणा कंपनीच्या नफ्यातोट्यावर का अवलंबून असावी?

विरोधकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे खरेच. शिक्षकांना शिकविण्यास आणि यंत्रांच्या देखभालीस पैसा लागतोच. पण तो पैसा आपल्याच मुलुखातील तरुणांच्या हाती जातो. दुसरा आक्षेप नोकरीचा : कचेऱ्यांतून विंडोज चालते, मग मुलांनी दुसरे का शिकावे? एका गाडीवर हात बसलेल्यास दुसरी चालविता येते; आणि संहितालेखनाच्या शिक्षणात जगभर वापरली जाणारी 'स्क्रॅच' व 'पायथन' ही साधने तर मुळात मुक्तच आहेत. तिसरा आक्षेप असा की कंपन्या शाळांना सवलत देतात. सवलत देतात ती सवय लावण्यासाठी, हे न कळण्याइतके आम्ही भोळे राहू नये.

केंद्र सरकारने 2015 मध्येच आपल्या कारभारासाठी मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. निविदेत तिचा विचार व्हावा आणि ती डावलल्यास कारण द्यावे, असे त्यात सांगितले आहे. मग गोव्यातील शाळांना तोच न्याय का नको?

आमच्या मागण्या साध्या आहेत. शाळांसाठीच्या प्रत्येक निविदेत यंत्राची किंमत वेगळी आणि परवान्याची किंमत वेगळी दाखवावी. बाद ठरविलेला एकही संगणक लिनक्स बसवून पाहिल्यावाचून मोडीत काढू नये. शाळेचे सर्व लेखन युनिकोड देवनागरीत व खुल्या स्वरूपात जतन करावे. प्रत्येक तालुक्यात निदान काही शिक्षकांना हे काम नीट शिकवावे; आरंभ सत्तरीपासून झाला तर आम्हांस आनंदच होईल.

पालकहो, शाळेच्या पुढच्या सभेत संगणकाची खोली पाहण्याचा आग्रह धरा. किती यंत्रे चालतात, किती बंद आहेत आणि बंद का आहेत, हे तीन प्रश्न विचारा. 1963 नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकीर्दीत गावोगाव शाळा उघडल्या, तेव्हा अक्षर शिकण्यावर कोणी जकात बसविली नव्हती. त्याच शाळांतील नव्या अक्षरओळखीवर ती आज का बसावी?