काळजाचा तुकडा

मंडळी, लेकराला 'काळजाचा तुकडा' म्हणताना आपला हात छातीकडे जातो. पण काळीज हा शब्द मुळात यकृताचा. मटणाच्या दुकानातली 'कलेजी' आठवा. माझ्या एका मित्राच्या मुलाने हा शब्द अक्षरशः खरा करायची तयारी दाखवली होती. त्याबद्दलच लिहितो आहे. (माझ्या नावामागचं 'डॉ.' संख्याशास्त्राचं आहे, वैद्यकाचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. विमानात एकदा घोटाळा झाला होता.)

मित्र शाकाहारी, पार्टीत हातात कायम संत्र्याचा रस. मधुमेह बराच जुना, गोळ्या नियमित. पोटात पाणी साठलं तेव्हा सिरॉसिसचं निदान झालं. त्या घराला आजाराइतकीच जड गेली ती आपली कुजबुज: 'घरी घेत असणार.' वहिनींनी मग कोणाला काही सांगणंच सोडलं. दिवाळीच्या कार्यक्रमाला 'त्यांना जरा बरं नाही' एवढाच निरोप.

दारूने यकृत खराब होतं, हिपॅटायटिस बी आणि सीनेही होतं. पण आपल्या लोकांत आणखी एक वाट मोठी आहे: पोटावरची चरबी, साखर, आणि त्यातून यकृतात साठणारी चरबी. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा आपला ओळखीचा बांधा! म्हणूनच आशियाई लोकांच्या बाबतीत बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावं असं सांगतात. तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे नावच टाकून दिलं. त्यातल्या 'अल्कोहोलिक' आणि 'फॅटी' या शब्दांनी रुग्णाला खाली मान घालावी लागते, हे त्यामागचं एक कारण. नवं नाव चयापचयावरून आहे.

मुलगा पस्तिशीचा. जिवंत दाता यकृताचा उजवा भाग, म्हणजे साधारण साठ टक्के, देऊ शकतो आणि उरलेलं काही महिन्यांत वाढून जवळपास पूर्वीएवढं होतं. तो तयार होता. तपासणीत कळलं की त्याच्याच यकृतात इतकी चरबी आहे की आधी वजन उतरवावं लागेल. तोही न पिणारा. पहाटे पाचला उठून, बर्फ असो की पाऊस, तो चालायला लागला. चौथ्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये चरबी उतरलेली दिसली. मित्राला तेवढी सवड मिळाली नाही.

हे घडलं पिट्सबर्गमध्ये! टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावर पहिलं यकृतरोपण केलं. ते लहान मूल वाचलं नाही. १९८१ मध्ये ते आपल्या या गावात आले, आणि शरीराने परकं यकृत नाकारू नये म्हणून दिलं जाणारं टॅक्रोलिमस रुग्णांना प्रथम इथेच, १९८९ मध्ये, दिलं गेलं. अशा गावात राहून आपण आजाराचं नाव घ्यायला लाजतो.

नंतर वहिनींनी मला जुनी फाईल दिली. निदानाच्या चार वर्षं आधीचा साधा वार्षिक रिपोर्ट: वय ६८, एएसटी ४०, एएलटी ३६, प्लेटलेट १५०. एकाही आकड्यापुढे लाल खूण नाही. पण 'फिब-फोर' नावाचं एक सोपं गणित आहे. वयाला एएसटीने गुणा. प्लेटलेटला एएलटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. २७२० भागिले ९००, म्हणजे ३.०. हा आकडा १.३ च्या खाली असला तर बहुधा चिंता नाही (पासष्टीपुढे २ पर्यंत चालतं), २.६७ च्या वर गेला तर यकृतात व्रण साठले असण्याची शक्यता बरीच. हे निदान नव्हे; त्यानंतर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करून घ्यायची असते. पण चारही आकडे त्या कागदावर होते, त्यांचा गुणाकार-भागाकार कोणी केला नाही. मीही नाही, आणि माझा तर जन्म आकडेमोडीत गेला.

वेळेवर कळलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. वजन सात ते दहा टक्के उतरलं तरी यकृताची सूज कमी होते. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या औषधाला मान्यता मिळाली, पण ते सिरॉसिस होण्याच्या आधीच्या टप्प्यासाठी. फराळावर माझा राग नाही. करंजी मीही खाणार आहे.

मंडळाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर बघतात. त्यात हे गणितही हवं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. सुई टोचायचीही गरज नाही. तरुण मंडळींनो, आईबाबांच्या पोर्टलवरचा रिपोर्ट तुम्हीच उघडा, आणि स्वतःचाही. यंदाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेशेजारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसणार आहे. रिपोर्ट छापून आणा, अक्षर मोठं ठेवा. कोण पितं, कोण नाही, हे मी विचारणार नाही.