आधी हात, मग पंख

दोन वर्षांपूर्वी भाचा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला आणि मामाने तोंड भरून विचारले, ‘बोल, काय हवं?’ मामा म्हणजे अस्मादिक. घड्याळ मागेल, फार तर सायकल, अशी माझी अटकळ. त्याने मागितला ड्रोन. तोही साधा नव्हे, एफपीव्ही! शब्द देऊन बसलो होतो. दुकानात गेलो, त्याने बोट दाखवले तो पाच इंची पात्यांचा ड्रोन घेतला. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात तो उडाला, आठ-दहा सेकंद पोराच्या ऐकण्यात राहिला आणि मग पहिल्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जाऊन ग्रिलवर आपटला. काकूंना काही झाले नाही, एवढ्यावर निभावले. ड्रोन माळ्यावर गेला. भाचा कित्येक दिवस त्या जिन्याने जाईना. बहिणीने मला जे ऐकवले ते इथे सांगत नाही, पण ते रास्त होते. चूक पोराची नव्हती. पैसे मोजणाऱ्याची होती.

तेव्हापासून या विषयात मी बरेच डोके घातले. सुट्टी लागली की आणखी कितीतरी घरांत हीच मागणी होणार, म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो. पहिला खर्च उडणाऱ्या वस्तूवर करू नका. हातात राहणाऱ्या वस्तूवर करा.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. लग्नात फोटोग्राफर जो ड्रोन उडवतो, तो उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ओळखतो. रिमोटच्या दांड्या सोडल्या तरी हवेत एका जागी थांबतो. एफपीव्ही म्हणजे ‘फर्स्ट पर्सन व्ह्यू’. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो आणि उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून त्या कॅमेऱ्याच्या नजरेने पाहतो. जणू आपणच आत बसलो आहोत! पण इथे सांभाळून घेणारे कोणी नाही. ‘अॅक्रो’ नावाच्या पद्धतीत तर दांडी सोडली तरी ड्रोन सरळ होत नाही. ज्या कलाने झुकला त्याच कलाने झुकलेला राहतो. पाच इंची ड्रोन बॅटरीसह अर्ध्या किलोहून जड भरतो आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहज ओलांडतो. नवशिक्याच्या हाती तो देणे म्हणजे आधी कळस, मग पाया.

पाया म्हणजे रिमोट. हौशी मंडळी त्याला ‘रेडिओ’ म्हणतात. ड्रोन आपटणार, पाती तुटणार, मोटार जळणार. रेडिओ मात्र नीट निवडला तर तीन-चार ड्रोन बदलले तरी तोच चालतो. तो घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तो यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडता येतो का? दुसरी, दांड्यांखाली ‘हॉल’ सेन्सर आहेत का? ते चुंबकावर चालतात, घासून झिजत नाहीत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो ड्रोनशी कोणत्या भाषेत बोलतो? रेडिओ आणि ड्रोनमधला रिसीव्हर यांची भाषा एक असावी लागते. आज ‘एक्सप्रेसएलआरएस’ ही खुली पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे ड्रोन एकाच रेडिओवर चालतात. उलट काही तयार संचांतला रिमोट फक्त त्या संचातल्या ड्रोनलाच ओळखतो. ड्रोन गेला की रिमोटही खेळण्याच्या टोपलीत जातो.

यावर दुकानदार म्हणतो, ‘साहेब, ड्रोन, रिमोट, गॉगल एकाच खोक्यात येतं, वेगवेगळं घ्यायला महाग पडेल.’ त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ येत असतील तर खोके अवश्य घ्यावे. येत नसतील तर ती स्वस्ताई दोन महिन्यांची असते.

रेडिओ घरी आला की तो कॉम्प्युटरला जोडावा आणि सिम्युलेटरवर बसावे. ‘लिफ्टऑफ’, ‘वेलोसिड्रोन’ अशी नावे आहेत. चौघांनी मल्टिप्लेक्सला जाण्यापेक्षा ते महाग नाही. माझ्या बहिणीने इथेच आक्षेप घेतला, ‘म्हणजे पुन्हा स्क्रीनच ना?’ आक्षेप खरा आहे, म्हणून वेळ बांधून द्यावी. रोज अर्धा तास. पण आपण सायकल कशी शिकलो ते आठवा. तासावर भाड्याने आणलेली सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत. तबल्याला बसवतानाही गुरुजी आधी हात बसवून घेतात, मैफल नंतर. सिम्युलेटरमध्ये दिवसाला पन्नास वेळा आपटले तरी एक पाते मोडत नाही, आणि खाली कोणाची काकू उभी नसते. आपल्याकडे बहुतेक जण डावी दांडी जोरासाठी आणि उजवी झुकण्यासाठी वापरतात. त्याला ‘मोड टू’ म्हणतात. एकदा त्या पद्धतीवर हात बसला की बदलणे फार जड जाते, म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

महिनाभराने पोर कंटाळले नाही, तर ड्रोन. तोही ‘व्हूप’ जातीचा. तळहाताएवढा, पात्यांभोवती गोल कडी असलेला, बॅटरीसह जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा. दिवाणखान्यात उडतो, पडद्यात अडकतो, फार तर फुलदाणी पाडतो. एका बॅटरीवर तीन-चार मिनिटेच चालतो, म्हणून बॅटऱ्या चार-पाच घ्याव्यात. त्यांची शिस्त मात्र मोठ्यांनी सांभाळायची. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची असते, ३.५ च्या आसपास आली की ड्रोन खाली उतरवावा, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवावी. फुगलेली वापरू नये आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये.

गॉगलचे दोन पंथ आहेत, अॅनालॉग आणि डिजिटल. अॅनालॉगमध्ये चित्राला मुंग्या येतात. गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं, आलं, गेलं!’ ओरडलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. डिजिटल चित्र स्वच्छ, पण खर्च बराच जास्त, आणि एका पद्धतीचा गॉगल सहसा दुसरीला चालत नाही. शिकण्यासाठी अॅनालॉग पुरेसा आहे.

आता कायदा. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. व्हूप घेण्याचे हेही एक कारण. नोंदणीचे काय, हे मात्र खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे. परवाना नको म्हणजे कुठेही उडवा असे नव्हे. विमानतळाचा परिसर आणि लष्करी ठिकाणे वर्ज्य, आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुट्या भागांना ती नाही. अमेरिकेतल्या मावशीला बॅगेतून ‘एवढं आण’ म्हणून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत शेवटी, जे कोणत्याच दुकानात मिळत नाही ते. गॉगल चढवलेल्याला फक्त पुढचे दिसते. मागून येणारे मूल, कुत्रा, सायकलवाला त्याला दिसत नाही. म्हणून मैदानात त्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांचे एक माणूस उभे हवेच. वस्तू घेऊन दिली की आपले कर्तव्य संपले, असे मलाही वाटले होते. हा खेळ मुलाला देणे म्हणजे त्याला आपला रविवार देणे आहे. तो द्यायचा नसेल तर ड्रोनही देऊ नये.

हल्ली रविवारी सकाळी मी भाच्याशेजारी मैदानात उभा असतो. गेल्या महिन्यात न राहवून विचारले, ‘काय रे, माळ्यावरचा मोठा काढायचा का?’ गॉगल कपाळावर सरकवत तो म्हणाला, ‘नको मामा. अजून हात बसला नाही.’