रंग मारला की गुन्हा पुसला!

२००२ चा ‘व्हाइस सिटी’ हा खेळ आज सोयगावच्या पोरांनाही मोबाइलवर खेळता येतो. गुन्ह्यागणिक पडद्यावर तारे वाढतात, सहाव्या ताऱ्याला लष्कर उतरते. पण गाडीला नवा रंग मारला की पोलीस विसरतात!

पुण्यात १९ मे २०२४ रोजी पोर्शे अपघातात दोघांचा जीव गेला. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. लोकांना तोही रंगच वाटला. संतापानंतर त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली.

मोटार वाहन कायद्याचे कलम १९९अ मात्र पालकालाच धरते: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. कौतुकाने दुचाकीची चावी देणाऱ्या सोयगावच्या बापालाही हेच कलम लागते.