पहिला पगार आणि पहिला हप्ता

नीटचा निकाल लागून कॅपच्या म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. एमबीबीएस हुकलं, बीडीएस नको, मग बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची पदवी घ्यावी का? फिजिओथेरपीचं नाव आता पुष्कळ घरांत आपसूक निघतं. आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणारी फिजिओ सगळ्यांनी पाहिलेली असते. पक्षाघातानंतर तिनेच शेजारच्या काकांना पुन्हा चालतं केलेलं असतं. या कामाची गरज खरी आहे आणि वाढतेही आहे. पण समाजाला गरज आहे म्हणून पगार चांगला मिळतोच असं नाही. ही गोष्ट मुलांना प्रवेशाआधी कुणीतरी सांगायला हवी.

यंदा माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, बाबा म्हणतात कर्ज काढू. तुला काय वाटतं?" तिला हो किंवा नाही असं उत्तर देण्याऐवजी आम्ही कागद घेऊन बसलो.

खासगी महाविद्यालयाची फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला १ लाख ८० हजारांचं कर्ज धरलं. चार वर्षांचे ७ लाख २० हजार झाले. व्याज १० टक्के धरलं. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा धरला आणि त्यापुढे एक वर्ष सवलतीचं. तोवर हप्ता नसतो, पण व्याज पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात जमा झाल्या दिवसापासून चढू लागतं. पहिल्या वर्षीच्या रकमेवर साडेपाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर साडेचार वर्षांचं, असं सरळव्याजाने मोजत गेलो तर २ लाख ८८ हजार होतात. म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज १० लाखांच्या पुढे गेलेलं असतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता महिना सुमारे १३ हजार ३०० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर तो १० हजार ८०० वर येतो, पण एकूण भरणा १६ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर जातो.

आता दुसरी बाजू. माझ्या माहितीतल्या नव्या पदवीधरांना पुण्या-नाशकातल्या क्लिनिकमध्ये सुरुवातीला पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान पगार मिळाला. वीस हजार धरले तर हप्ता जाऊन हातात ६ हजार ७०० उरतात. त्यात कॉटचं भाडं, डबा आणि बसचा पास बसवायचा. भाची बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हप्ता बाबाच भरणार." तिने नेमकं ओळखलं होतं. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात. मुलीचा पगार अपुरा पडला की हप्ता निवृत्तीला आलेल्या माणसावर येतो.

म्हणून मी एक साधा नियम सांगते. पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून हप्ता मोठा होणार असेल, तर त्या कॉलेजात त्या फीवर प्रवेश घेऊ नये. याचा अर्थ फिजिओथेरपी सोडावी असा नाही. तीच पदवी कमी कर्जात कशी मिळेल, ते शोधावं.

वाटा आहेत. पहिली सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांची. केईएम, नायर, सायन या मुंबईच्या रुग्णालयांतली किंवा नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातली जागा मिळाली, तर फीचा प्रश्न बराचसा सुटतो आणि रुग्ण इतके पाहायला मिळतात की हात तयार होतो. दुसरी वाट मुलींसाठी. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरचा किंवा व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. "घराजवळ मिळतंय, कोट्यातून घेऊन टाकू" या घाईत कित्येक घरं ही माफी गमावतात.

कर्ज काढायचंच असेल तर साडेसात लाखांच्या आत राहावं. त्या मर्यादेपर्यंत पतहमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. त्यापुढे बँक सहसा घर किंवा जमीन मागते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण संस्था पात्र आहे का, ते आधी बँकेत विचारावं. आणि जमलंच तर शिकत असतानाच व्याज भरत जावं. आमच्या हिशेबात पहिल्या वर्षी ते महिना १,५०० होतं, चौथ्या वर्षी ६,०००. एवढं झेपलं तर दहा वर्षांचा हप्ता साडेनऊ हजारांवर येतो आणि एकूण दीड लाखाहून अधिक वाचतात. काही बँका त्यावर व्याजदरातही सूट देतात.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट आहे, असं एजंट आवर्जून सांगतात. वीस हजार पगाराच्या मुलीला मुळात आयकरच लागत नाही, त्यामुळे ती सूट तिच्या काहीच उपयोगाची नाही. ज्याला कर भरण्याइतकी कमाई आहे आणि जो जुन्या करप्रणालीत आहे त्यालाच तिचा फायदा होतो.

पगार पुढे वाढतो, हेही खरं. चार-पाच वर्षांत हात बसतो, डॉक्टर नावाने रुग्ण पाठवू लागतात, घरी जाऊन उपचार देण्याचं उत्पन्न सुरू होतं. पण ती वाढ येण्याआधीच हप्ते सुरू होतात. याच वर्षांत मुली थकून क्षेत्र सोडतात. काही जणी हप्त्यासाठी विमा कंपनीत किंवा कॉल सेंटरमध्ये जातात. साडेचार वर्षं शिकलेले हात रुग्णाला मिळत नाहीत, हे नुकसान आपलं सगळ्यांचं आहे.

याचा दोष एकट्या पालकांवर टाकून चालणार नाही. महाविद्यालयं फी जाहीर करतात. मागच्या तुकडीतल्या किती जणांना वर्षभरात नोकरी लागली आणि हातात किती पगार पडला, हेही त्यांनी फीशेजारी छापलं पाहिजे. आरोग्य विद्यापीठाने आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ते सक्तीचं करावं. रुग्णालयांनीही रुग्णाकडून फिजिओच्या एका सत्राचे जेवढे पैसे घेतात, त्यातले तिला किती देतात, हे एकदा तपासून पाहावं.

माझ्या भाचीने पसंतीक्रम बदलला. सरकारी आणि महापालिकेची कॉलेजं वर, मग कॅपमधली खासगी, आणि कोट्याचा अर्ज भरलाच नाही. तिला काय मिळेल ते फेऱ्या ठरवतील. पण जे घेईल ते ती आकडे पाहून घेईल. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येक मुलीला एवढा तरी हक्क आहे.