पातेल्यात किती उरते?

शालेय पोषण आहाराचा हिशेब कागदावर चोख असतो. प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिक वर्गात ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम. तांदूळ अनुक्रमे १०० व १५० ग्रॅम, भाजी ५० व ७५ ग्रॅम. मात्र हे मोजमाप कच्च्या शिध्याचे आहे. शिजवल्याने उष्मांक, प्रथिने वा लोह फारसे घटत नाहीत. जीवनसत्त्वांचे तसे नाही.

क जीवनसत्त्व उष्णता व हवा एकत्र आली की वेगाने विघटित होते, शिवाय पाण्यात विरघळून निघूनही जाते. पालेभाज्यांतील फोलेटची गतही तशीच. थायमिन आम्लधर्मी रश्श्यात तग धरते, पण डाळ वा मटकी लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकला की त्याचा झपाट्याने नाश होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आपल्या स्वयंपाकातले नेहमीचे जिन्नस येथे उपयोगी पडतात. उलट गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटीन शिजवल्याने व थोड्या तेलाने शरीराला अधिक मिळते. म्हणजे 'कच्चे तेच सकस' हा शहरात रूढ झालेला समजही अर्धवटच.

सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्याचे मुख्यालय असलेल्या मेढ्याच्या परिसरात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. वेण्णेच्या खोऱ्यातून वर सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पोहोचेतो पाणी ९५-९६ अंशांवरच उकळू लागते. डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांत उघड्या पातेल्यातील डाळ मऊ व्हायला त्यामुळे अधिक वेळ लागतो, आणि जीवनसत्त्वांच्या ऱ्हासात तापमानाइतकाच वेळही मोजावा लागतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, पण वेळ वाचतो व हवाही कमी मिळते. म्हणून तो सहसा फायद्याचा ठरतो.

मात्र लहान शाळेची एक जमेची बाजू शहरी वाचकांच्या ध्यानात येत नाही. तेथे भात उतरला की पंगत बसते. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहांतून डबे निघतात, गाडीत चढतात, शाळाशाळांत पोहोचतात. तोवर गरम राहिलेले अन्न एका अर्थी शिजतच असते, आणि क जीवनसत्त्व व फोलेट यांची गळती चालूच राहते. स्वच्छता व देखरेख यांसाठी केंद्रीय व्यवस्थेचे समर्थन होते, ते अगदीच गैर नाही. परंतु २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्याने कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा चर्चा शिक्षक व अंतर यांचीच झाली. शाळेबरोबर चूलही दूर जाईल, याची नोंद क्वचितच कोणी घेतली.

पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाचा उपाय येथे पुढे केला जातो. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी त्याची घोषणा केली, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२८ पर्यंतच्या पुरवठ्याला मंजुरी दिली. मानकानुसार अशा किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल व ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ असावे लागते. शंभर दाण्यांमागे एक दाणा घातलेला. हे फोलिक आम्ल भाजीतल्या फोलेटपेक्षा टिकाऊ. तरी जादा पाण्यात भात शिजवून पेज ओतून दिली, तर काही भाग तिच्याबरोबर जाणारच. प्लॅस्टिकचा समजून हे दाणे निवडून टाकले, तर सारेच मुसळ केरात.

या यादीत उष्णतेला बऱ्यापैकी दाद न देणारे जीवनसत्त्व म्हणजे ब-१२, आणि ते अंड्यात नैसर्गिकरीत्या असते. कवचाआड उकडलेल्या अंड्यातून पाण्यात जाण्यासारखेही फारसे काही नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ती जबाबदारी लोकवर्गणीवर सोपवली. मेढ्यासारख्या ठिकाणी, जिथून कमावती माणसे मुंबईला गेलेली असतात, ही वर्गणी गोळा कोणी करायची, हे शिक्षकालाच ठरवावे लागते.