पडताळणीची फाईल

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरांत धावपळ सुरू होते. जात पडताळणी राहिलेली असते. अकरावीपासून वेळ हाती होता. पण आजोबांचा दाखला कुठून आणायचा, या धास्तीने आम्ही फाईलच उघडली नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, हे ऐकूनच अवसान गळते. वास्तविक सुरुवात एका कागदाची. गावच्या शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. आजोबांना शाळाच मिळाली नसेल, तर त्यांच्या भावाचे नाव पाहायचे. तहसीलमध्ये कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. समितीच्या दिरंगाईशी भांडूच. पण न केलेल्या अर्जासाठी कोणाशी भांडणार? या रविवारी गावी जाणारच आहोत. सोमवारी शाळा उघडेपर्यंत थांबू.