विमानातील ॲलर्जी : सौजन्य नव्हे, हक्क हवा

विमान कंपनी तिकीट विकते तेव्हा ती केवळ खुर्ची विकत नाही. पैसे घेऊन प्रवाशाला सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी ती स्वीकारीत असते. कायद्याच्या भाषेत हा करार होय. परंतु ज्या प्रवाशाला शेंगदाणा, काजू, तीळ, दूध, अंडे किंवा मासळी यांपैकी एखाद्या पदार्थाची तीव्र ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत ही जबाबदारी कोठून सुरू होते आणि कोठे संपते? आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. आम्ही तो विचारू इच्छितो.

ॲलर्जी म्हणजे नावड नव्हे, पथ्य नव्हे आणि श्रीमंताघरचे लाड तर मुळीच नव्हेत. तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाच्या पोटात त्या पदार्थाचा कण गेला तरी काही मिनिटांत घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर पहिला उपाय एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, आणि तेही ताबडतोब. जमिनीवर असताना माणूस रिक्षा करून दवाखाना गाठतो. पस्तीस हजार फुटांवर दवाखाना नाही, दार उघडून बाहेर पडण्याची सोय नाही. तेथे प्रवासी संपूर्णपणे कंपनीच्या ताब्यात असतो. ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची, हे साधे तत्त्व येथे लागू झाले पाहिजे.

ही भीती काल्पनिक नाही. १७ जुलै २०१६ रोजी नताशा एडनान-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनहून फ्रान्समधील नीस शहराकडे निघाली होती. हीथ्रो विमानतळावरील दुकानातून तिने पावाचा एक पदार्थ घेतला. पिठातच तीळ मिसळलेले होते, पण वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. कारण दुकानातच बांधलेल्या पदार्थाला तेव्हाच्या नियमात सूट होती. विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी जवळची दोन्ही इंजेक्शने दिली. ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये अशा पदार्थांवरही सर्व घटक छापणे बंधनकारक झाले. लोक त्या नियमाला नताशाचा कायदा म्हणतात. पण वाचकांनी लक्षात घ्यावे की, त्या कायद्याने दुकानाचे दार बंद केले, विमानाचे नव्हे.

विमानाच्या बाबतीत कॅनडाने स्पष्ट पाऊल टाकले. तेथील परिवहन प्राधिकरणाने २०१० मध्ये एअर कॅनडाच्या प्रकरणात शेंगदाणा व इतर कवचफळांची तीव्र ॲलर्जी असलेल्या तक्रारदार प्रवाशाला अपंग व्यक्ती मानले आणि तिच्या आसनाभोवती ते पदार्थ न वाटण्याचा पट्टा ठेवण्यास सांगितले. पुढे २०२० मध्ये लागू झालेल्या नियमांत मोठ्या कंपन्यांवर तसे बंधनच आले. अमेरिकेची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये तेथील परिवहन खात्याने असाच पट्टा ठेवण्याची सूचना कंपन्यांना केली, तेव्हा शेंगदाणा पिकविणाऱ्या राज्यांतील लोकप्रतिनिधींनी ओरड केली आणि काँग्रेसने त्या कामाचा पैसाच अडविला. माणसाच्या श्वासापेक्षा पिकाचा बाजार मोठा ठरला! मात्र १९८६ च्या विमानप्रवास कायद्याने अपंगांना दिलेला हक्क शिल्लक होता. त्याच्याच आधारे २०१९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रकरणात खात्याने ठरविले की, ॲलर्जी असलेल्या प्रवाशाला आसन पुसून घेण्यासाठी इतरांच्या आधी विमानात चढू न देणे हा कायद्याचा भंग होय.

आसन पुसणे ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु शास्त्र काय सांगते तेही पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या सांगण्यावरून झालेला या विषयावरील अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याचे कण विमानाच्या हवेतून सर्वत्र पसरून झटका आणतात, याला पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. केबिनमधील हवा दर काही मिनिटांनी बदलते आणि गाळली जाते. खरा धोका आधीच्या प्रवाशाने ट्रेवर, हातावर, आसनाच्या फटीत मागे ठेवलेल्या खरकट्याचा आहे. तेव्हा सर्व विमानांत शेंगदाणाबंदी करा, असे आमचे म्हणणे नाही. आमची मागणी त्याहून सोपी आहे आणि म्हणूनच ती नाकारण्याला कंपन्यांकडे सबब उरत नाही.

आता कायद्याच्या एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. जानेवारी १९९८ मध्ये ऑलिम्पिक एअरवेजच्या विमानातून अमेरिकेला परतणारा दम्याचा एक रुग्ण धूम्रपानाच्या विभागाजवळ बसविला गेला. त्याच्या पत्नीने आसन बदलून देण्याची विनंती तीन वेळा केली. विमान भरले आहे, असे सांगून कर्मचारी महिलेने ती नाकारली. प्रत्यक्षात रिकाम्या जागा होत्या. तो प्रवासी विमानातच मरण पावला. कंपनी म्हणाली, त्याचा आजार त्याचाच, आमचा काय दोष? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हा बचाव फेटाळला. कर्मचाऱ्याने मदत नाकारणे हाच आंतरराष्ट्रीय कराराच्या अर्थाने ‘अपघात’ होय, असे न्यायालयाने मानले. म्हणजे केवळ चुकीची कृती नव्हे, तर योग्य कृती करण्यास दिलेला नकारही कंपनीला जबाबदार धरू शकतो.

‘अपघात’ हाच शब्द १९९९ च्या माँट्रिअल करारात आहे आणि १९७२ च्या आपल्या हवाई वाहतूक कायद्याद्वारे २००९ पासून तो करार भारतात लागू आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात अपघाताने प्रवाशाचा मृत्यू झाला किंवा त्याला शारीरिक इजा झाली, तर ठराविक रकमेपर्यंत कंपनीला आपला दोष नव्हता असे म्हणून सुटता येत नाही. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात, झाली आहे. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. परदेशी निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी युक्तिवादासाठी तो भक्कम आधार आहे.

मग भारतीय कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारचे अपंगत्व नमूद आहे. सिकलसेल व थॅलेसेमिया त्यात आले, अन्नाची ॲलर्जी आली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अपंग प्रवाशांसाठी केलेल्या नियमांचा भर व्हीलचेअर, मदतनीस आणि चढ-उतार यांवर आहे. येथे अनेक जण हात टेकतात. आम्ही टेकणार नाही. याच कायद्यातील कलम २ मध्ये अपंग व्यक्तीची व्याख्या यादीवर अवलंबून ठेवलेली नाही. दीर्घकालीन शारीरिक कमतरता आणि समोरचे अडथळे मिळून ज्याचा समाजातील समान सहभाग रोखला जातो, तो त्या व्याख्येत बसतो. २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ठराविक टक्क्यांचे अपंगत्व नसतानाही लेखनिक मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. वाजवी सोय हा हक्क टक्केवारीच्या दाखल्यात अडकवता येत नाही, हे त्याचे सार. त्याआधी २०१२ मध्ये जीजा घोष यांना गोव्याला एका परिषदेसाठी जात असताना स्पाइसजेटच्या विमानातून उतरविण्यात आले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. न्यायालयाचा रोख दयेवर नव्हता, सन्मानावर होता.

एक विसंगती मात्र डोळ्यांत भरते. तिकीट काढताना जैन जेवण, हिंदू जेवण, मुस्लिम जेवण, कोशर जेवण अशी यादी अनेक कंपन्या पुढे करतात. श्रद्धेच्या जेवणाला आमचा विरोध नाही. पण जे अन्न खाल्ल्याने जीव जाऊ शकतो त्याबाबत त्याच कंपन्या ‘आम्ही हमी देत नाही’ अशी बारीक अक्षरांतील ओळ छापून मोकळ्या होतात. आपल्याकडे विचारतात ते फक्त व्हेज की नॉनव्हेज. व्हेज भाजीत काजूची पेस्ट असते, उसळीत शेंगदाण्याचे कूट असते, याची दखल कोण घेणार? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शेंगदाणा, कवचफळे, दूध, अंडे, मासे, सोयाबीन यांसारखे घटक पाकिटावर जाहीर करणे सक्तीचे केले. पण तिळाला त्या यादीत जागा नाही.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. आरक्षणाच्या वेळीच ॲलर्जीची नोंद घ्यावी आणि ती विमानातील कर्मचाऱ्यांपर्यंत लेखी पोहोचवावी. आसन पुसण्यासाठी आधी चढू द्यावे. विमानात विकल्या वा वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाच्या घटकांची यादी उपलब्ध असावी. ॲड्रिनॅलिन केवळ डॉक्टर सापडला तरच उघडायच्या पेटीत न ठेवता, प्रशिक्षित कर्मचाऱ्याला देता येईल अशा स्वरूपात ठेवावे. आणि ॲलर्जी सांगितली म्हणून कोणालाही विमानातून उतरवू नये. नाही तर लोक आजार लपवतील आणि त्यातून धोका वाढेलच. हे सारे महासंचालनालय नियमाने करू शकते.

हा विषय आपला नाही, असे कोणी समजू नये. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जाणारी आपली मुले, आखातात राबायला जाणारे आपले बांधव यांच्यापैकी अनेकांच्या घरातला तो पहिला विमानप्रवास असतो. त्यांना सांगणारे कोणी नसते. परदेशात सर्रास वापरले जाणारे तयार इंजेक्शन-पेन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाले तरी परवडत नाही. अशांनी डॉक्टरांचे पत्र आणि औषध हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानात टाकू नये. कंपनीला आधी लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. कर्मचाऱ्याने नकार दिल्यास त्याचे नाव, वेळ आणि शब्द टिपून घ्यावेत. सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगाचे दार दोन वर्षांपर्यंत उघडे असते. लेखी विनंती आणि तिला मिळालेला नकार, हाच पुढे न्यायालयातला पुरावा ठरतो.

कर्मचारी भला असला तर प्रवासी वाचतो आणि उद्दाम असला तर मरतो, ही अवस्था कायद्याच्या राज्याला शोभणारी नाही. सौजन्य माणसागणिक बदलते, हक्क बदलत नाही. आपल्या संघटनांनी, वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी महासंचालनालयाकडे ही मागणी लेखी स्वरूपात पाठवावी. एखाद्या नताशाच्या मरणाची वाट पाहून कायदा करण्याची आपल्याला गरज नाही.